रात्रीचा खोकला आणि दिवसाचा हिशोब

व्यापारी घरांतील वडीलधाऱ्यांच्या तोंडी एक जुनी हिंदी म्हण नेहमी असते : लड़ाई का घर हाँसी, रोग का घर खाँसी. थट्टेतून भांडण उद्भवते आणि खोकल्यातून रोग, असा तिचा अर्थ. म्हणीचा पहिला अर्धा भाग अनुभवाने पटतो. दुसरा मात्र थोडा दुरुस्त करावा लागतो. खोकला हे रोगाचे घर नसून घरावरचा पहारेकरी होय. श्वासनलिकेत जे जायला नको ते गेले की तो हाक देतो. पहारेकऱ्याची हाक ऐकून त्यालाच गप्प बसवावे, की दारात कोण आले आहे ते पाहावे, एवढाच प्रश्न असतो. ही हाक मध्यरात्री येते तेव्हा बहुतेक घरांत पहिला मार्ग पत्करला जातो.

आश्विन-कार्तिक हे महिने वाशीम जिल्ह्यात सोयाबीनचे. शेतातील सुड्या मोडल्या जातात, हडंब्यातून दाणा निघतो, कुटार बाजूला पडते आणि वाशीम, कारंजा, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा येथील बाजारांत आवकेची रीघ लागते. ढिगाऱ्यांभोवती हर्रास चालतो, चाळण्या फिरतात, कट्टे भरले जातात, काट्यावर चढतात. उन्हाच्या तिरिपेत पाहिले तर सारा बाजार एका पांढुरक्या धुळीत तरंगताना दिसतो. अडतीच्या गादीवर बसलेल्या माणसाला त्या वेळी काही होत नाही. क्वचित एखादी शिंक येते, घसा खाकरला जातो, चहा घेतला की बरे वाटते. तोच माणूस रात्री अंथरुणाला पाठ टेकताच खोकू लागतो. पहाटे तीन-चारच्या सुमारास उठून बसतो. घर जागे होते. कोणी सुंठ उगाळते, कोणी कपाटातील औषधाची बाटली शोधते. दिवस उजाडला की खोकला निवळतो आणि दुकानाचे कुलूप उघडेपर्यंत रात्रीची गोष्ट विसरली जाते.

हे विसरणेच महागात पडते. रात्रीचा खोकला ऐकू येतो रात्री, परंतु त्याची कारणे बहुधा दिवसाच्या वहीत नोंदलेली असतात : कोणती धूळ छातीत गेली, जेवण कितीला झाले, कोणते औषध चालू आहे, निजण्याच्या खोलीत काय जळत आहे. ती वही उघडली की बाटलीची गरज पुष्कळदा उरत नाही. आणि जेथे खरोखर औषध हवे असते, तेथे योग्य औषध वेळेवर मिळते.

आडवे होताच काय बदलते

दिवसभर माणूस उभा किंवा बसलेला असतो. नाकात आणि नाकालगतच्या पोकळ्यांत तयार होणारा पातळ स्राव घशातून खाली उतरतो व नकळत गिळला जातो. माणूस आडवा झाला की तोच स्राव घशाच्या मागच्या बाजूस साचतो आणि स्वरयंत्राच्या तोंडाशी गुदगुल्या करतो. झोपेत गिळण्याची क्रिया फार कमी होते, लाळही कमी सुटते. श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरावर सूक्ष्म केस असतात. कफाला वर ढकलत आणण्याचे त्यांचे काम झोपेत मंदावते. सर्दी, नाकाची ॲलर्जी किंवा सायनसचा त्रास असलेल्यांना निजल्यावर लगेच खोकला सुटतो, तो यामुळे.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ज्यांचा खोकला जुनाट आहे, अशा रुग्णांच्या छातीवर यंत्र लावून दिवसरात्र खोकले मोजण्यात आले, तेव्हा बहुतेकांचे खोकले दिवसाच अधिक भरले. गाढ झोपेत खोकल्याची प्रतिक्षिप्त क्रिया दबलेली असते. झोप चाळवली की ती जागी होते. दिवसाचा खोकला बाजाराच्या कोलाहलात विरून जातो, रात्रीचा मात्र सगळे घर मोजते. रात्री खोकला वाढल्याचा भास काही अंशी शांततेमुळेही होतो. याचा व्यावहारिक अर्थ असा की, ज्याला रात्री खोकला येतो त्याने दिवसाही आपल्या खोकल्याकडे लक्ष द्यावे. तो तेथे असतोच. फक्त ऐकला जात नाही.

काही आजारांत मात्र रात्रीचा खोकला खरोखर वाढतो आणि त्यामागे शरीराचे स्वतःचे घड्याळ असते. या आजारांत दमा प्रमुख आहे.

पहाटेचे चार

श्वासनलिका दिवसभर सारख्याच रुंद राहत नाहीत. दुपारी त्या सर्वांत मोकळ्या असतात, तर पहाटे चारच्या सुमारास सर्वांत आकुंचित. शरीरातील सूज आटोक्यात ठेवणारे कॉर्टिसोल हे संप्रेरक मध्यरात्रीच्या आसपास नीचांकावर येते. श्वासनलिका सैल ठेवणारे ॲड्रिनलीन पहाटे कमी होते. निरोगी माणसात हा चढउतार इतका किरकोळ असतो की त्याला कळतही नाही. दम्याच्या काही रुग्णांत मात्र श्वास फुंकण्याची क्षमता पहाटे दिवसाच्या मानाने निम्म्यावर येते.

इंग्लंडमधील सर जॉन फ्लॉयर या वैद्याने १६९८ मध्ये दम्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्याला स्वतःला दमा होता आणि झटके रात्रीच्या झोपेनंतर येतात हे त्याने नोंदवून ठेवले होते. १९८८ मध्ये ब्रिटनमधीलच ७,७२९ दमेकऱ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ७४ टक्के रुग्ण दम्यामुळे आठवड्यातून निदान एका रात्री जागे होत होते.

दमा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर धाप लागलेला, छातीत सूं-सूं वाजणारा माणूस उभा राहतो. प्रत्यक्षात दम्याचा एक प्रकार असा आहे की त्यात धापही नसते आणि शिट्टीही वाजत नाही; असतो तो केवळ कोरडा खोकला, तोही बहुधा रात्री आणि पहाटे. अशा माणसाला घरातले ‘ॲलर्जिक सर्दी’ म्हणतात, शेजारी ‘हवा बाधली’ म्हणतात आणि वर्षामागून वर्षे बाटल्या बदलत जातात. फुंकण्याची एक साधी तपासणी केली की पुष्कळदा उलगडा होतो.

धान्याची धूळ आणि बार्सिलोनाचे कोडे

वाशीमच्या व्यापाऱ्याला या विषयात विशेष रस वाटावा असा इतिहास सातासमुद्रापलीकडे, स्पेनमधील बार्सिलोना या बंदराच्या शहरात घडला आणि त्याच्या केंद्रस्थानी होते सोयाबीन.

१९८१ ते १९८७ या काळात त्या शहरात सव्वीस वेळा असे झाले की, एकाच दिवशी दम्याच्या रुग्णांची रुग्णालयांत अचानक गर्दी उसळली. काहींचा मृत्यूही झाला. प्रदूषण, परागकण, हवामान असे सर्व संशयित तपासले गेले, पण कोडे सुटेना. अखेर डॉ. जोसेप मारिया आंतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंदरात कोणत्या दिवशी कोणते जहाज रिकामे झाले याच्या नोंदी रुग्णालयांच्या नोंदींशेजारी ठेवल्या. ज्या दिवशी दम्याची लाट आली, त्या दिवशी बंदरात सोयाबीन उतरवले जात होते. हा निष्कर्ष १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. सोयाबीनच्या टरफलाच्या बारीक धुळीत ॲलर्जी उत्पन्न करणारी प्रथिने असतात. बंदरातील एका सायलोला धूळ अडवणाऱ्या गाळण्या नव्हत्या आणि वारा मंद असलेल्या दिवशी ती धूळ शहरावर उतरत होती. गाळण्या बसवल्या गेल्या आणि लाटा थांबल्या.

दोन वह्या शेजारी ठेवून पडताळा घेण्याची ही पद्धत कोणत्याही मुनिमाला ओळखीची वाटेल. तिच्यापासून घेण्यासारखे पुष्कळ आहे. वाशीम म्हणजे बार्सिलोना नव्हे, आणि बाजारात जाणाऱ्या प्रत्येकाला सोयाबीनच्या धुळीची ॲलर्जी होते असेही नाही. तथापि सोयाबीन असो, तूर असो, गहू असो की डाळ मिलमधील चुरी असो, धान्याच्या धुळीत केवळ माती नसते. टरफलाचे कण, बुरशीचे बीजाणू, धान्यातील किडी व सूक्ष्म कोळीवर्गीय जीव यांचे अवशेष तिच्यात मिसळलेले असतात. ज्यांची श्वासनलिका संवेदनशील आहे त्यांना यांपैकी काहीही पुरे होते.

मुख्य मुद्दा पुढेच आहे. अशा धुळीची प्रतिक्रिया कित्येकदा लगेच येत नाही. धूळ छातीत गेल्यावर साधारण चार ते आठ तासांनी श्वासनलिकांना सूज येते. दुपारी चारला चाळणीजवळ उभ्या राहिलेल्या माणसाला रात्री दहा-अकराला खोकला सुटतो, आणि पहाटेच्या नैसर्गिक आकुंचनाची त्यात भर पडते. दिवसाची उधारी रात्री वसूल होते. माणूस मात्र दोष देतो तो रात्रीच्या थंडीला, दह्याला, पंख्याला. बाजाराशी त्याचा संबंध जोडला जात नाही, कारण बाजारात तर तो ठणठणीत होता.

ओळखण्याची खूण सोपी आहे. बाजार बंद असतो त्या दिवसांत, लग्नकार्यासाठी परगावी गेल्यावर किंवा आठ-दहा दिवसांच्या तीर्थयात्रेत रात्रीचा खोकला कमी होतो काय? परतल्यावर दोन-तीन दिवसांत पुन्हा सुरू होतो काय? उत्तर होकारार्थी असेल तर डॉक्टरांना आपला व्यवसाय अगत्याने सांगावा. इटलीतील बर्नार्डिनो रामाझिनी या वैद्याने १७०० मध्ये व्यवसायजन्य रोगांवर ग्रंथ लिहिला, त्यात धान्य चाळणाऱ्या व मापणाऱ्या लोकांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. रुग्णाला नेहमीच्या प्रश्नांबरोबर ‘तुम्ही काम काय करता?’ हेही विचारावे, असा त्याचा आग्रह होता. तीनशे वर्षांनंतर तो प्रश्न डॉक्टरांनी विचारला नाही, तर रुग्णाने स्वतःहून त्याचे उत्तर द्यावे.

जेवणाची वेळ

रात्रीच्या खोकल्याचे दुसरे मोठे कारण पोटात असते. अन्ननलिका आणि जठर यांच्यामध्ये एक झडप असते. ती सैल पडली की जठरातील आम्ल वर येते. उभ्या माणसात गुरुत्वाकर्षण ते खाली ठेवते, आडव्या माणसात ही मदत संपते. आम्ल घशापर्यंत आले, किंवा अन्ननलिकेच्या खालच्या भागापर्यंत जरी आले, तरी खोकला उद्भवू शकतो. अनेकांना छातीत जळजळही होत नाही. केवळ खोकला, सकाळी बसलेला आवाज आणि घशात काही अडकल्याची भावना एवढेच जाणवते.

जेवण आणि निजणे यांत निदान तीन तासांचे अंतर असावे, हा यावरचा सर्वमान्य सल्ला आहे. जपानमधील ओसाका येथील डॉक्टरांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, जेवणानंतर तीन तासांच्या आत झोपणाऱ्यांत आम्ल वर येण्याच्या विकाराची शक्यता चार तास किंवा अधिक अंतर ठेवणाऱ्यांच्या मानाने सातपटींहून अधिक आढळली.

सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्या घरांना हा सल्ला नवा नाही. कार्तिकात वाशीमला सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. चौविहार पाळणारी व्यक्ती दहाला निजली तरी मध्ये चार तास सहज जातात. हे व्रत जीवदयेसाठी आहे, आम्लपित्तासाठी नव्हे. परंतु शरीराला त्याचा लाभ होतो हे नाकारण्याचे कारण नाही.

अडचण वेगळीच आहे. बाजाराचा ऐन हंगाम आणि लवकर मावळणारा सूर्य हे दोन्ही एकाच ऋतूत येतात. घरातील आई व आजी चौविहार करतात, पण कर्ता पुरुष व तरुण मुले आवक-जावक, पट्ट्या आणि हिशोब उरकून रात्री साडेनऊला घरी येतात. मग भरपेट जेवण, त्यावर दिवाळीचा फराळ, शेव-चिवडा, पुन्हा चहा आणि साडेदहाला पाठ टेकणे. दिवसभराची धूळ आणि रात्रीचे भरलेले पोट एकत्र आले की खोकल्याला आणखी कशाची गरज उरत नाही. रोज व्रत पाळणे ज्यांना शक्य होत नाही, त्यांनी निदान हंगामात सायंकाळचा डबा दुकानी मागवून दिवस असतानाच मुख्य जेवण आटोपावे. कित्येक अडतींवर पूर्वी ही पद्धत होतीच.

ज्यांना आम्लाचा त्रास आहे त्यांनी खाटेच्या डोक्याकडील पायांखाली सहा ते आठ इंच उंचीचे लाकडी ठोकळे ठेवावेत. उशांवर उशा रचल्याने मान वाकते आणि पोटावर दाब येतो. खाटच कलती करणे अधिक गुणकारी. डाव्या कुशीवर झोपल्यानेही आम्ल वर येणे कमी होते. तंबाखू, खर्रा आणि सिगारेट यांच्यामुळे झडप आणखी सैल होते, हे वेगळे सांगायला नको.

निजण्याची खोली

थंडीची चाहूल लागली की पेटीतील रजया आणि घोंगड्या बाहेर निघतात. वर्षभर बंद राहिलेल्या त्या कापसात व गाद्यांमध्ये डोळ्यांना न दिसणारे धूलिजीव वाढलेले असतात. त्यांची विष्ठा हे दमा व नाकाच्या ॲलर्जीचे अत्यंत सामान्य कारण आहे. अंथरूण-पांघरूण वापरण्यापूर्वी कडक उन्हात टाकावे आणि उशांचे अभ्रे व चादरी दर आठवड्याला धुवाव्यात. बाजारातून आल्यावर त्याच कपड्यांनी गादीवर लवंडू नये. स्नान करून कपडे बदलले की केसांत व कपड्यांत आलेली धूळ निजण्याच्या खोलीबाहेर राहते.

डासांसाठी जाळली जाणारी कॉईल हा आणखी एक अलक्षित शत्रू आहे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीनुसार, एक कॉईल पूर्ण जळताना जेवढे सूक्ष्म कण हवेत सोडते तेवढे सोडायला ७५ ते १३७ सिगारेटी जाळाव्या लागतील. बंद खोलीत, लहान बाळाच्या उशाशी रात्रभर ती जळत असते. तिच्याऐवजी मच्छरदाणी लावावी. तिच्यात धूर नाही आणि डासही मरत नाही. धूप-अगरबत्ती देवघरापुरती ठेवून खोलीची खिडकी उघडी असू द्यावी.

ज्या खोकल्याकडे दुर्लक्ष करू नये

काही खुणा मात्र अशा आहेत की तेथे घरगुती उपायात एक दिवसही दवडू नये.

वृद्ध व्यक्तीला आडवे होताच खोकला व धाप लागते, बसले की बरे वाटते, उशा एकाच्या दोन व दोनाच्या तीन होत जातात, झोपल्यावर तासा-दोन तासांनी गुदमरून जाग येते आणि पायांवर सूज दिसते, तेव्हा दोष बहुधा फुप्फुसाचा नसून हृदयाचा असतो. हृदय दुबळे झाले की दिवसा पायांत साचलेले पाणी रात्री आडवे होताच रक्तात परतते आणि फुप्फुसांवर भार टाकते. अशा माणसाला खोकल्याचे औषध पाजून झोपवणे धोक्याचे आहे.

रक्तदाबासाठी एनालाप्रिल, रॅमिप्रिल किंवा लिसिनोप्रिल यांसारख्या गोळ्या चालू असतील, तर त्या स्वतःच कोरडा खोकला उत्पन्न करू शकतात. गोळी सुरू झाल्यानंतर काही दिवसांनी किंवा काही महिन्यांनीही हा खोकला लागतो. गोळी मनाने बंद करू नये. डॉक्टरांना सांगितले की ते पर्यायी गोळी देतात.

दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला, सायंकाळचा बारीक ताप, रात्री येणारा घाम, घटणारे वजन किंवा थुंकीत रक्त, यांपैकी काहीही असल्यास क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी. ती सरकारी दवाखान्यात विनामूल्य होते व औषधेही विनामूल्य मिळतात. ‘आपल्या घरात हा रोग कसा येईल?’ हा विचार आणि मुलामुलींच्या सोयरिकीची भीती यांमुळे प्रतिष्ठित घरांत तपासणी लांबते. तोपर्यंत तोच खोकला एकाच छताखालच्या नातवंडांपर्यंत पोहोचलेला असतो. क्षय वेळेवर कळला तर बरा होतो. लपवला तर पसरतो.

लहान मुलाला रात्री खोकल्याची उबळ येऊन उलटी होत असेल, श्वास घेताना हुप्प असा आवाज येत असेल, तर तो डांग्या खोकला असू शकतो. दीड ते दोन वर्षांचा आणि पाच-सहा वर्षांचा, असे लसीचे दोन्ही वर्धक डोस झाले आहेत काय ते बालकाच्या कार्डावर पाहावे.

बाटलीचा मोह

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये विदर्भाला लागून असलेल्या मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या एका औषधाने वीसहून अधिक बालकांचा बळी घेतला. औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य मिसळलेले होते. मुलांची मूत्रपिंडे निकामी झाली. अनेकांना उपचारांसाठी नागपूरला आणले गेले. त्यानंतर केंद्र सरकारच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा बजावले की, दोन वर्षांखालील बालकांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांना ती सामान्यतः देण्याची गरज नसते.

ही बाटली भेसळीची होती म्हणून घात झाला, हे खरे. परंतु चांगल्या कंपनीच्या बाटलीनेही लहान मुलाचा खोकला लवकर बरा होतो, असा पुरावा नाही. साध्या सर्दीचा खोकला दोन-तीन आठवड्यांत आपोआप जातो. घसा ओला व उबदार ठेवणे एवढेच आपल्या हाती असते. यासाठी जगभर मधाची शिफारस होते. जैन घरांत मध वर्ज्य आहे आणि एक वर्षाखालील बाळाला तर तो कोणीच देऊ नये. मध नाही म्हणून हळहळण्याचे मात्र कारण नाही. २०१४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या चाचणीत खोकणाऱ्या बालकांच्या एका गटाला अगेव्ह वनस्पतीचा गोड रस दिला आणि दुसऱ्या गटाला रंग व चव घातलेले पाणी. काहीच न दिलेल्या मुलांपेक्षा दोन्ही गट सारखेच बरे असल्याचे पालकांना आढळले. गुण गोड, ओलसर घोटात आणि प्रेमाने पाजण्यात बराच असतो. मोठ्यांसाठी सुंठ व गुळाचे कोमट पाणी किंवा ज्येष्ठमध आणि खडीसाखरेचा तुकडा पुरेसा आहे. रक्तदाबाच्या रुग्णाने ज्येष्ठमध नित्य घेऊ नये, मधुमेह्याने गूळ-साखर टाळावी.

व्रत आणि औषध

चौविहार पाळणाऱ्या घरांत एक नाजूक प्रश्न उभा राहतो. रात्री खोकल्याने जीव घाबरा झाला तरी ‘पच्चक्खाण मोडेल’ म्हणून आजी पाण्याचा घोट घेत नाहीत आणि दम्याचा पंपही ओढत नाहीत. त्यांच्या श्रद्धेचा मान राखूनच मार्ग काढला पाहिजे, आणि तो निघतोही.

पहिली गोष्ट म्हणजे दम्याचे मुख्य औषध रात्रीच्या झटक्यासाठी नसतेच. सूज कमी ठेवणारा पंप रोज नियमाने घ्यावयाचा असतो आणि तो सकाळी व सूर्यास्तापूर्वी घेता येतो. डॉक्टरांना व्रताची कल्पना दिली तर बहुतेक औषधांच्या वेळा दिवसात बसवता येतात. नियमित पंप घेणाऱ्याला रात्रीच्या झटक्याची पाळीच सहसा येत नाही. ‘पंपाची सवय लागते’ ही समजूत चुकीची आहे. पंपातून औषध थेट श्वासनलिकेत जाते आणि म्हणून गोळीपेक्षा फार थोड्या मात्रेत काम करते. दुसरी गोष्ट, चौविहार करणाऱ्याने उकळलेले पाणी दिवसभर थोडे थोडे व पुरेसे प्यावे, म्हणजे रात्री घसा कोरडा पडत नाही. नाक चोंदत असेल तर त्याच उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ घालून सायंकाळी नाक धुवावे. न उकळलेले पाणी त्यासाठी कधीही वापरू नये.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. झटका आलाच, तर पंप ओढलाच पाहिजे. प्रत्याख्यानाच्या पाठातच आगार, म्हणजे सवलती, सांगितलेल्या आहेत आणि जीव धोक्यात असता चित्ताची समाधी टिकवण्यासाठी घेतलेले औषध त्यांत मोडते. शंका असेल त्यांनी प्रकृती ठीक असतानाच महाराजसाहेबांना किंवा आपल्या गुरूंना विचारून ठेवावे. पहाटे चारला हा निर्णय करण्याची वेळ घरातल्यांवर येऊ देऊ नये.

अडतीवर काय करता येईल

नाकातोंडावर बांधलेला रुमाल मोठे कण अडवतो, बारीक धूळ त्यातून आरपार जाते. चाळणीजवळ उभे राहावे लागते त्यांनी एन-९५ जातीचा मास्क चेहऱ्याला नीट बसेल असा लावावा. चाळणी यंत्राला झाकण व धूळ ओढून घेणारा पंखा बसवावा, पंख्याचे तोंड गादीकडे किंवा रस्त्याकडे नसावे. गोदाम कोरड्या झाडूने झाडले की बसलेली धूळ पुन्हा हवेत येते. माल उचलल्यावर फरशी ओल्या फडक्याने पुसणे किंवा यंत्राने धूळ ओढणे बरे. हर्रासाच्या वेळी वाऱ्याच्या वरच्या अंगास उभे राहणे तर बिनखर्चाचे आहे.

हे सर्व स्वतःपुरते करून थांबता येणार नाही. गादीवर बसणारा माणूस धुळीत दोन तास असतो, हमाल आणि मापाडी दहा तास असतात. शेठजींच्या रात्रीच्या खोकल्यासाठी अकोला-नागपूरचे डॉक्टर आहेत. हमालाच्या खोपटात तोच खोकला वर्षानुवर्षे ऐकला जातो आणि त्याला ‘बिडीचा खोकला’ असे नाव देऊन सोडून दिले जाते. बार्सिलोनात रुग्णांना औषधे देऊन लाटा थांबल्या नव्हत्या. ज्याच्या सायलोतून धूळ उडत होती तेथे गाळणी बसली, तेव्हा त्या थांबल्या. धुळीचा खर्च माल हाताळणाऱ्या पेढीने उचलला नाही, तर तो कोणाच्या तरी फुप्फुसाच्या खात्यावर पडतोच. हंगामाच्या आरंभी हमालांना मास्क देणे, चाळणीला झाकण करणे आणि वर्षातून एकदा सर्वांची छातीची तपासणी करवणे, हे पेढीच्या उलाढालीत फार मोठे नाही. मुक्या जीवांवर दया करणाऱ्या घरांनी, बोलू शकणाऱ्या पण न बोलणाऱ्या या माणसांचाही विचार करावा.

ज्या घरात रात्री कोणी खोकते, तेथे आजपासून दोन आठवडे एक लहान वही उशाशी ठेवावी. तीत चार रकाने आखावेत : दिवसा कोणत्या मालाजवळ किती वेळ गेला, जेवण कितीला झाले, निजले कितीला, खोकल्याने जाग कितीला आली. दोन आठवड्यांनी ती वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. ज्या समाजाची हयात वह्या लिहिण्यात गेली, त्याला हे काम शिकवावे लागणार नाही.